दादाचं अडकलेलं पॅकेज

वहिनींचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. "भावोजी, ह्यांचा लॅपटॉप अडकलाय," त्या म्हणाल्या. "प्रिंटच निघत नाही. नवीन काही टाकायला गेलं की आधी जुनं निस्तरा म्हणतो. येऊन बघाल का?"

'ह्यांचा' म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. पण वहिनींच्या बोलण्यात लॅपटॉप त्याचाच होता, चष्म्याचं घर त्याचंच होतं, खिडकीजवळची खुर्चीही त्याचीच. ती खुर्ची मला रिकामी बघवत नसे, म्हणून वर्षश्राद्ध झाल्यापासून मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो. मी नवीन पनवेलात राहतो, वहिनी आणि आई जुन्या पनवेलात. रेल्वेचा पूल ओलांडला की रिक्षाने पंधरा मिनिटं. एवढ्या अंतरासाठी दूर असल्याचं कारण देता येत नाही, हे मला कळत होतं. फोनवर आई विचारायची, "कवा येतंस?" मी म्हणायचो, "येतो गो, कामाचा रगाडा जरा उरकू दे." आमचा रगाडा काही उरकत नव्हता.

मशीन अडकलंय म्हटल्यावर मात्र मला नाही म्हणता येत नाही. खोडच आहे ती. माझं पोटही त्यावरच आहे. एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. लोक कपाळाला हात लावून बसलेले असतात तिथे मी जातो, चार ओळी टाईप करतो, आणि थोडा भाव खाऊन परत येतो. मी वहिनींना म्हटलं, "पाच मिनिटांचं काम आहे. आलोच." बादलीत राहिलेले कपडे बायकोच्या गळ्यात घातले, माझ्या लॅपटॉपची बॅग उचलली आणि निघालो.

दार वहिनींनी उघडलं. आत तळलेल्या बोंबलांचा वास. आई दिवाणावर पाय पसरून लसूण सोलत होती. तिने वर बघितलं, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "बारीक झालास." मी म्हटलं, "नाय गो, पोट बघ." बाहेर मी शहरी मराठी बोलतो, कंपनीत तर निम्मी इंग्रजीच. पण आईपुढे उभा राहिलो की जीभ आपोआप गावाकडे वळते. आमचं गाव आता नाही. जिथे ते होतं तिथे विमानतळाची धावपट्टी आहे, आणि सकाळी-संध्याकाळी त्या बाजूने विमान चढलं की या घराच्या खिडकीची काच थरथरते. गावातली माणसं कोणी उलव्याला, कोणी आणखी कुठे विखुरली. आई दादाकडे आली.

वहिनींनी अडचण सांगितली. शनिवारी समोरच्या ताईंच्या मुलीची हळद होती. ताईही आमच्याच गावच्या. आमच्यात हळदीला आणि लग्नाला धवले, म्हणजे विधींची गाणी, लागतात. धवलारीण म्हणते तेव्हा एकेक विधी पुढे सरकतो, नाहीतर बायका हळदीची वाटी धरून बसून राहतात. आमच्या गावाची धवलारीण म्हणजे माझी आई. पण दादा गेल्यापासून तिने गाणं सोडलं. 'आता आवाज नाय' म्हणते. आवाज आहे, लसूण सोलताना गुणगुणते ते वहिनींना ऐकू येतं. तर वहिनींनी तिच्याकडून धवले सांगून घेतले, टाईप केले, आणि शनिवारी बायकांनी कागद बघून म्हणावेत अशी तोड काढली. नवीन प्रिंटर आणला, त्याचं सॉफ्टवेअर टाकायला गेल्या, आणि लॅपटॉपने पाय रोवले.

"झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह नेला असता," वहिनी म्हणाल्या, "पण म्हटलं, घरात एवढे तुम्ही असताना."

"झेरॉक्सवाल्याकडे कशाला?" मी जरा दुखावूनच म्हणालो आणि खुर्चीकडे गेलो. गेलो खरा, पण बसवेना. शेवटी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून आणलं आणि त्यावर बसलो.

हा लॅपटॉप मुळात माझा. माझ्या कंपनीने जुना म्हणून टाकलेला मी दादाला दिला होता. इतका हळू चालायचा की त्यावर लिनक्स घालण्यावाचून इलाज नव्हता. दादा तळोज्याच्या कारखान्यात फिटर. कॉम्प्युटर कुठे शिकलेला नव्हता. पण मशीन म्हटलं की उघडून बघायचं हा त्याचा स्वभाव, आणि लिनक्स हे उघडून बघता येणारं मशीन निघालं. सहा महिन्यांत तो मला असले प्रश्न विचारायला लागला की मला घरी जाऊन शोधावं लागे. मी त्याला तसं कधी सांगितलं नाही. 'सोपं आहे रे, वेळ मिळाला की सांगतो' असं म्हणायचो.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम पॅकेजच्या रूपात येतो. आधी ते उघडून फायली जागच्या जागी ठेवल्या जातात, मग जुळवणी होते, आणि जुळवणी पुरी झाली की मशीन आपल्या यादीत त्याच्यापुढे 'बसलं' अशी नोंद करतं. मध्येच वीज गेली किंवा जुळवणीचा प्रोग्राम फसला तर नोंद 'अर्धवट' अशी राहते. मग मशीन हट्टाला पेटतं. आधी हे निस्तरा, तोवर दुसरं काही घेणार नाही. मी राहिलेल्या जुळवण्या पुऱ्या करायचा नेहमीचा हुकूम दिला. चार-पाच पॅकेजं सरसर पुढे गेली. एकावर येऊन सगळं थांबलं.

त्या पॅकेजचं नाव वाचून मी हात मागे घेतला. ते आमच्या गावाचं नाव होतं. इथे लिहीत नाही, कारण आता ते कुठल्या पाटीवरही नाही. हे पॅकेज कुठून बाजारातून आलेलं नव्हतं. दादाने स्वतः बांधलं होतं.

तेव्हा गाव होतं, आई गावात होती, दादा नोकरीसाठी पनवेलात. सुटीच्या दिवशी गावी जायचा आणि दिसेल त्याचे फोटो काढायचा. खाडीचा बांध, मिठागराच्या कोंड्या, मारुतीचं देऊळ, भिंतीवर वाळत घातलेली जाळी. आईचे धवले रेकॉर्ड करायचा. हे सगळं या लॅपटॉपवर. पण एकाच जागी ठेवलं तर जाईल, एवढं ज्ञान त्याला मी दिलं होतं. म्हणून त्याने एक जुना कॉम्प्युटर गावच्या घरात देव्हाऱ्याशेजारी बसवला आणि सगळ्याची एक प्रत तिकडे जाईल असं हे पॅकेज लिहिलं. गावचं मशीन एरवी बंद. दादा पनवेलहून फोन करायचा, "आय, बटन दाब गो." आई हातातलं काम टाकून जायची आणि दाबायची. कॉम्प्युटरमधलं तिचं एवढंच काम, पण ती ते अभिमानाने करायची. शेजारणीला सांगायची, "पोराचा पनवेलचा काम माझ्याबिगर नाय चालत."

आता पडद्यावर दर अर्ध्या मिनिटाला एक ओळ उमटत होती. त्या काळ्या खिडकीत मराठी अक्षरं नीट जुळत नाहीत, काने-मात्रा सुटे सुटे पडतात. तरी वाचता येत होतं. 'आय, बटन दाब गो.' पुन्हा, 'आय, बटन दाब गो.'

हे कसं झालं ते मला लगेच कळलं. जुळवणी करताना पॅकेज आधी गावच्या मशीनला हाक मारायचं. उत्तर आलं की पुढे, नाही आलं तर अर्धा मिनिट थांबून परत हाक. त्यात त्याने असंही बांधलं होतं की मशीनमधली मोठी पॅकेजं बदलली की हेही पुन्हा जुळवणीला उठायचं. आणि थांबण्याला मर्यादा घातलेली नव्हती. शंभर हाका मारून दमला, आता पुरे, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आमच्या धंद्यात हे पाप आहे. त्याने तोंडी सांगितलं होतं तेव्हाच मी त्याला झाडलं होतं. "दादा, वेळेची मर्यादा घाल. समोरून उत्तर नाही आलं तर तुझं मशीन जन्मभर लटकेल."

तो हसला होता. "आय बटन दाबणार नाय, असा कवा झालाय का?"

गाव उठणार हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. नकाशे आले, मोजणीवाले आले, बैठका झाल्या, मोर्चे झाले, आणि गाव होतं तिथेच राहिलं. इतकी वर्षं ऐकून ऐकून कोणी ते मनावरच घेईना. लोक एकीकडे नोटिसा घेत होते आणि दुसरीकडे ओट्याला नवी फरशी बसवत होते. दादाही त्यातलाच. त्याने प्रोग्राम लिहिला तेव्हा आईला बटण दाबायला उशीर होईल, ती शेतावर असेल, लाईट नसेल, हे सगळं धरलं होतं. घरच नसेल, हे त्याने धरलं नव्हतं.

मी हाक तोडली. पॅकेज अर्धवट राहिलं ते राहिलंच. म्हटलं, हे सरळ उपटून टाकू. त्यासाठी एक जबरदस्तीचा हुकूम असतो. तो दिला की मशीन पुढचं-मागचं न विचारता पॅकेज फेकून देतं. फोटो आणि रेकॉर्डिंग वेगळी, त्यांना धक्का लागत नाही. मी टाईप करता करताच वहिनींना समजावून सांगत होतो. समजावताना माझा आवाज जरा वरचा लागतो.

"काढून टाकणार?" वहिनींनी विचारलं.

"आता त्याचा उपयोग काय? गावचं मशीन कधीच भंगारात गेलं."

"नको." एवढ्या जोरात म्हणाल्या की आईची सुरी थांबली. "प्रिंट नाही निघाली तरी चालेल. मी हाताने लिहीन सगळं. पण ते काढू नका. त्यांनी तेवढं एकच स्वतः केलेलं आहे. नीट करून द्या, नाहीतर तसंच ठेवा."

माझं बोट एन्टरवरच होतं. मी ते उचललं. खरं सांगायचं तर मला राग आला. माणूस गेला, गाव गेलं, आणि ही बाई एका बिनकामाच्या पॅकेजसाठी अडून बसली होती. आणि तो राग वहिनींवरचा नव्हता, हेही मला त्याच क्षणी कळलं. काढून टाकायची घाई मलाच झाली होती. ती ओळ पडद्यावर परत उमटू नये, एवढंच मला हवं होतं.

"काय लिवलंय त्यात?" आईने विचारलं. तिला वाचता येत नाही.

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. मी वाचलं, "आय, बटन दाब गो."

आई लसणाची पाकळी हातात धरून तशीच बसली. मग म्हणाली, "अजून हाक मारतंय?"

"हो."

"त्याला सांग, घर नाय रं आता."

"त्याला नाय कलत, आय."

"कसा कलंल? कोन सांगितलाच नाय त्याला." आणि ती परत लसूण सोलायला लागली. मी पडद्याकडे तोंड करून बसलो. मला दादा हवा होता. इतका हवा होता की स्टुलावरून उठून कुठेतरी चालत सुटावंसं वाटलं, पण चालत जाऊन जिथे तो भेटला असता ती जागाच उरली नव्हती. मी नाक पुसलं आणि त्याचा प्रोग्राम उघडला.

चाळीसेक ओळी होत्या. मी त्या पहिल्यांदाच वाचत होतो. त्याने हौसेने वाचायला पाठवल्या होत्या, तेव्हा मी 'बघतो' म्हटलं होतं. लिहिणं कच्चं होतं, पण चोख होतं. फिटरचं काम. जिथे जिथे काही सुटण्याची शक्यता, तिथे दोन दोन नट आवळलेले. हाकेची ओळ सापडली. ती खोडली असती तर काम दहा सेकंदांत झालं असतं. मी खोडली नाही. गावच्या मशीनचा जो नंबर त्यात हाकेचा पत्ता म्हणून लिहिला होता, तो मी माझ्या बॅगेतल्या लॅपटॉपला दिला, दोन्ही मशीनं घरच्या वायफायवर जोडली आणि जुळवणीचा हुकूम परत दिला.

'आय, बटन दाब गो.' एकदाच उमटलं. मग खाली दुसरी ओळ आली, जी मी पडद्यावर उमटलेली आधी कधी पाहिली नव्हती. 'दाबला. चल पुढं.'

त्या ओळीनंतर राहिलेलं सगळं सरसर झालं. यादीत आमच्या गावाच्या नावापुढे 'बसलं' अशी नोंद आली. प्रिंटरचं सॉफ्टवेअर मुकाट्याने बसलं आणि धवल्यांचं पहिलं पान बाहेर आलं. वहिनींनी ते आईच्या हातात दिलं. आईने कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि म्हणाली, "एवढासाच?" तिच्या तोंडून ऐकताना ते तासभर पुरतं.

मी खूश होतो. नेमकं काय केलं ते वहिनींना सविस्तर सांगितलं, आमच्या ऑफिसातल्या नवख्यांना सांगतो तसं. नंबर म्हणजे काय, हाक म्हणजे काय, मी कशी शक्कल लढवली. त्या मान डोलावत ऐकत होत्या. मग सवयीप्रमाणे मी मशीनची रोजनिशी उघडली. कुठलं पॅकेज कधी कुठल्या अवस्थेत गेलं हे त्यात तारीख-वेळेसह आपोआप लिहिलं जातं. बिघाड नेमका कधी झाला ते बघून काम बंद करायचं, हा माझा नियम.

बिघाड अकरा दिवसांपूर्वीचा होता. मी अजून मागे गेलो. त्याआधीही आमच्या गावाचं नाव होतं. मे महिन्यात अर्धवट, आणि सहा मिनिटांनी बसलं. गणपतीच्या आधी अर्धवट, चार मिनिटांनी बसलं. दिवाळीच्या सुमाराला तीन मिनिटं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर. आणि अकरा दिवसांपूर्वी अर्धवट, त्यापुढे काहीच नाही.

दादा तर दोन वर्षांपूर्वी गेला होता.

"वहिनी," मी म्हटलं, "मे महिन्यात हे कोणी सोडवलं?"

त्या तोवर आत जाऊन तांदळाचं पीठ मळत होत्या. हात तसेच ठेवून दारात आल्या. "मी."

"गणपतीत?"

"मीच. गाव उठल्यापासून हे स्वतः असंच करायचे. याच लॅपटॉपला तो नंबर द्यायचा आणि परत चालू करायचं. दोन तर ओळी आहेत. दवाखान्यात होते तेव्हा माझ्याकडून पाठ करून घेतल्या."

म्हणजे मी मघापासून जी शक्कल सांगत होतो, ती याच बाईला. माझे कान तापले. "मग या वेळी का नाही केलं?"

वहिनींनी आईकडे बघितलं. आईने लसणाची सालं परातीत झटकली.

"मीच बोलले तिला," ती म्हणाली. "ऱ्हाव दे तसाच, म्हटला. मी बोलावला तर तू येत नाय. म्हटला, मशीन बिगडलंय असा सांग, पलत येईल."

"आणि तुम्ही निघालात ते काढूनच टाकायला," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, आईंचं ऐकलं आणि हे हातचं घालवून बसले."

अकरा दिवस या दोघी अडकलेलं मशीन घेऊन बसल्या होत्या, प्रिंट अडली होती, शनिवार जवळ येत होता, आणि एकीने ते सोडवलं नाही आणि दुसरीने सोडवू दिलं नाही. मी पंधरा मिनिटांवर कपडे वाळत घालत होतो. मी आईजवळ दिवाणावर जाऊन बसलो आणि माझा बांध फुटला. तिने लसणाच्या हातानेच माझं डोकं स्वतःकडे ओढलं. वहिनी भाकऱ्या थापायला आत गेल्या.

थोड्या वेळाने आईने आत हाक मारली. "गो सुनबाय."

"काय, आई?"

"तुला नीट करता येतं, तसा बिगडवता पन येतं ना?"

आतून तव्याचा आवाज आला, आणि मग वहिनींचा. "येतं की."

"मंग दर आयतवारी बिगडव."